'डँडी' कागदावरून पडद्यावर गेलं, पण वाचकांना सोबत नेलं का?



'मोबाईल : शाप की वरदान' हा निबंध आपण इतक्या वेळा लिहिलाय की त्याची वाक्यंसुद्धा आता पाठ झाली आहेत. म्हणून आज त्याच प्रश्नाच्या जवळचा, पण जरा वेगळा विषय घेते. एका विनोदी ब्रिटिश कॉमिकची ही गोष्ट आहे. पंचाहत्तर वर्षं कागदावर छापलं गेलेलं हे कॉमिक एके दिवशी छपाई बंद करून इंटरनेटवर गेलं. त्याचं पुढे काय झालं ते सांगते आणि शेवटी माझं मतही सांगते. पटलं नाही तर बिनधास्त वाद घाला.

पण हा विषय मला सुचला कसा, ते आधी सांगायला हवं.

आमच्या शाळेत दरवर्षी सातवीचा वर्ग हस्तलिखित काढतो. कविता, कोडी, सहलीचं वर्णन, चित्रं, सगळं मुलांच्याच हातचं. गेल्या वर्षी मीच म्हटलं, "बाइंडिंगचा खर्च कशाला? फोटो काढू, पीडीएफ करू आणि पालकांच्या ग्रुपवर टाकू. सगळ्यांना एकदम बघता येईल." तसं केलं. चार दिवसांनी वर्गातला एक मुलगा माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. त्याने चार चौकटींची एक चित्रपट्टी काढली होती. गणिताच्या तासाला झोपलेला मुलगा आणि त्याच्या डोक्यावर बसलेली चिमणी. खरंच छान जमली होती. तो म्हणाला, "बाई, माझं चित्र कुणी बघितलं का हो?" मी वर्गाला विचारलं. दोन हात वर आले. बाकीच्यांच्या घरी ती पीडीएफ सुप्रभातच्या फुलांखाली कधीच गाडली गेली होती.

आधीच्या वर्षांत हस्तलिखित वर्गात फिरायचं, तेव्हा चित्र काढणारा मुलगा वाचणाऱ्याच्या मागे उभा राहून तो हसतोय का, हे बघायचा. तेवढं एक सुख मी त्या पोराकडून काढून घेतलं होतं. त्याच सुमारास 'डँडी'ची गोष्ट वाचनात आली आणि वाटलं, अरे, ही तर माझीच चूक मोठ्या अक्षरात लिहिली आहे!

आधी ओळख करून घेऊ

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर डंडी नावाचं शहर आहे आणि कॉमिकचं नाव आहे 'द डँडी'. दोन्ही नावं सारखी वाटतात, गोंधळ होऊ देऊ नका! या शहराची ओळख इंग्रजीत तीन 'ज'नी सांगतात : ज्यूट म्हणजे ताग, जॅम म्हणजे मुरंबा आणि जर्नालिझम म्हणजे पत्रकारिता. तागाच्या गिरण्यांना लागणारा कच्चा ताग आपल्या बंगालमधून जहाजाने तिकडे जायचा. पत्रकारितेचा 'ज' मुख्यतः डी. सी. थॉमसन या प्रकाशन संस्थेमुळे आला.

याच संस्थेने ४ डिसेंबर १९३७ रोजी 'डँडी'चा पहिला अंक काढला. किंमत दोन पेन्स आणि सोबत एक शिट्टी फुकट! आता विचार करा, एकाच दिवशी एका गावातल्या सगळ्या मुलांच्या हातात शिट्टी आली तर घरोघरी काय झालं असेल? जाहिरातीला वेगळा खर्चच नको.

पहिले संपादक होते अल्बर्ट बार्न्स. त्यांनी चाळीसपेक्षा जास्त वर्षं हे काम केलं. मुखपृष्ठावर पहिल्या अंकापासून कॉर्की नावाचा काळा बोका होता. १९८४ पर्यंत त्याने ती जागा सोडली नाही. पण खरा लाडका ठरला तो आतल्या पानावरचा डेस्परेट डॅन.

डॅन म्हणजे जगातला सगळ्यात ताकदवान माणूस. एका हाताने गाय उचलतो. त्याच्या उशीत कापसाऐवजी दगडविटांचा चुरा भरलेला असतो. दाढी इतकी राठ की वस्तऱ्याने निघत नाही, त्याला आगीची ज्योत लागते. त्याचं आवडतं जेवण म्हणजे 'काऊ पाय', म्हणजे पिठाच्या कवचात मांस भरून भाजलेला भलामोठा पदार्थ, ज्यातून शिंगं आणि शेपूट बाहेर आलेली दिसतात. तो राहतो कॅक्टसव्हिल गावात. गाव म्हणे अमेरिकेतल्या काऊबॉयांचं, पण रस्त्यावर दिव्याचे खांब आणि टपालपेट्या अगदी ब्रिटिश! हा गोंधळ कुणी दुरुस्त केला नाही, कारण मुलांना त्यात काहीच चुकीचं वाटलं नाही. हा डॅन डडली वॉटकिन्स या चित्रकाराने पहिल्या अंकापासून १९६९ साली स्वतःच्या मृत्यूपर्यंत काढला. डॅनची ती प्रसिद्ध मोठी हनुवटी संपादक बार्न्स यांच्यावरून घेतली, असं सांगतात.

कागदावर त्यांना काय जमलं होतं?

त्या काळातल्या कितीतरी ब्रिटिश कॉमिकमध्ये चित्राखाली मजकुराचे परिच्छेद छापलेले असत. आधी चित्र बघा, मग खाली वाचा, मग परत वर बघा. 'डँडी'ने बहुतेक चित्रपट्ट्यांत संवाद थेट पात्रांच्या तोंडी, फुग्यांमध्ये दिले. वाचणारा मुलगा चित्रातून बाहेरच पडत नसे. कागदाचं पान कसं वापरायचं, हे त्या मंडळींना नेमकं कळलं होतं.

दुसरी गोष्ट म्हणजे ठरलेला वार. अंक आठवड्याला यायचा. दुसऱ्या महायुद्धात कागदाची टंचाई झाली, तेव्हा 'डँडी' आणि त्याचं धाकटं भावंड 'बीनो' यांनी आठवडे वाटून घेतले. एका आठवड्याला हा, पुढच्या आठवड्याला तो. १९४९ पर्यंत असंच चाललं. युद्धाच्या काळात त्यांनी हिटलर आणि गोअरिंग यांनाही चित्रपट्टीत आणून त्यांची यथेच्छ टिंगल केली. बाहेर ब्लॅकआऊट आणि घरात पोरं हिटलरला हसतायत, ही काही लहान गोष्ट नाही.

१९५०च्या दशकात 'डँडी'चा खप आठवड्याला वीस लाखांपर्यंत गेला होता. आणि वाचक विकलेल्या प्रतींपेक्षा नक्कीच जास्त असणार. कारण कॉमिक एकटं कधी वाचलं जातं का? भाऊ वाचतो, मग बहीण, मग शेजारचा, आणि शेवटी पान फाटलं की भांडण.

वीस लाखांवरून आठ हजारांवर

मग दूरचित्रवाणी आली, व्हिडिओ गेम आले, मुलांच्या मोकळ्या वेळेवर हक्क सांगणारे पुष्कळ झाले. खप वर्षानुवर्षं उतरत गेला. इथे तुम्ही म्हणाल, "बघा, स्क्रीनमुळेच सगळं बिघडलं." थांबा, एवढ्यात निकाल देऊ नका.

'डँडी'ने स्वतः काय केलं, तेही बघू. २००४ मध्ये गुळगुळीत कागद आणि नवं रूप आलं. २००७ मध्ये नावच बदलून 'डँडी एक्स्ट्रीम' केलं. अंक आठवड्याऐवजी पंधरा दिवसांनी यायला लागला आणि चित्रपट्ट्या कमी करून इतर मजकूर वाढवला. २०१० मध्ये पुन्हा जुनं नाव, पुन्हा साप्ताहिक, पुन्हा वेगळं रूप आणि त्यात प्रसिद्ध व्यक्तींची टिंगल. म्हणजे सहा वर्षांत तीन वेळा घर बदललं. ज्या मुलाने २००४ मध्ये वाचायला सुरुवात केली, त्याला २०१० मध्ये आपलं कॉमिक ओळखू तरी आलं असेल का?

२०१२ पर्यंत खप आठ हजारांच्या आसपास आला. वीस लाखांच्या जागी आठ हजार! त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये प्रकाशकांनी जाहीर केलं की छापील साप्ताहिक बंद होणार आणि 'डँडी' आता डिजिटल रूपात येणार.

शेवटचा छापील अंक बरोबर पंचाहत्तराव्या वाढदिवशी, ४ डिसेंबर २०१२ ला आला. सोबत पहिल्या अंकाची प्रतिकृती होती. या अंकात एक खास पाहुणा होता, बीटल्सचा गायक पॉल मॅकार्टनी. १९६३ मध्ये त्याला कुणीतरी त्याची महत्त्वाकांक्षा विचारली होती. तेव्हा तो म्हणाला होता की 'डँडी'मध्ये माझं चित्र यावं. जगभर गाजलेल्या या गायकाची ती इच्छा जवळजवळ पन्नास वर्षांनी पुरी झाली, तीही कॉमिक बंद होताना. हे वाचून मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं.

पडद्यावरचा 'डँडी'

त्याच दिवशी डिजिटल 'डँडी' सुरू झाला. सुरुवातीलाच तांत्रिक अडचणी आल्या. काही महिन्यांनी रूप बदलून पुन्हा प्रयत्न केला. पण २०१३ च्या उन्हाळ्यात तोही थांबवला. तंत्रज्ञान आणि मांडणी दोन्ही कमी पडली, असं प्रकाशकांनीच मान्य केलं. कागदावर पंचाहत्तर वर्षं टिकलेल्या कॉमिकला पडद्यावर एक वर्षही काढता आलं नाही.

आता गंमत ऐका. 'डँडी'चा वार्षिक अंक, जाड पुठ्ठ्याचं पुस्तक, आजही दरवर्षी निघतो आणि नाताळच्या आधी दुकानात येतो. साप्ताहिक गेलं, वेबवरचं गेलं, पण कागदाचं पुस्तक राहिलं. का? मला वाटतं, कारण त्याला नाताळ हा ठरलेला दिवस आहे आणि ते देणारा माणूस आहे. लहानपणी 'डँडी' वाचलेले आजी-आजोबा ते नातवंडांच्या हातात देऊ शकतात. लिंक पाठवून ती मजा येत नाही.

मग चुकलं कुठे?

माझं मत स्पष्ट आहे. 'डँडी' इंटरनेटमुळे बंद पडला नाही. तो इंटरनेटवर गेला तेव्हा आधीच अंथरुणाला खिळलेला होता. वाचक निघून गेल्यावर जागा बदलून उपयोग काय? दुकानात गिऱ्हाईक येत नाही म्हणून दुसऱ्या गल्लीत दुकान हलवलं आणि जुन्या गिऱ्हाइकाला नवीन पत्ता शोधायला लावला, तर काय होईल?

शिवाय सामान हलवताना काही वस्तू मागे राहिल्या. कोणत्या?

पहिली, वाट बघणं. ठरलेल्या वारी अंक येतो, तेव्हा आदल्या दिवशी मुलाच्या मनात तो आधीच आलेला असतो. पडद्यावर सगळं सतत असतं. जे कायम आहे, त्याची वाट कोण बघणार?

दुसरी, पूर्ण पान. विनोदी चित्रपट्टीचं गणित बारीक असतं. पान उघडल्याबरोबर शेवटच्या चौकटीतला स्फोट डोळ्याच्या कोपऱ्यात दिसतो आणि मग आपण पहिल्या चौकटीपासून "हे झालं कसं?" असं बघत जातो. मोबाईलच्या छोट्या पडद्यावर बहुतेक वेळा एक-एक चौकटच दिसते. विनोद तोच, पण त्याची वेळ चुकते. आणि वेळ चुकलेला विनोद म्हणजे मीठ विसरलेली आमटी.

तिसरी वस्तू सगळ्यात महत्त्वाची, ती म्हणजे सोबत. पेपर टाकणारा, दुकानदार, अर्धा अंक ओढणारा भाऊ, वर्गात बाकाखालून फिरणारी प्रत. फोन हा एकट्याचा असतो, त्यातही तो बहुतेक वेळा आईचा किंवा बाबांचा असतो.

'बीनो'ने काय वेगळं केलं?

'बीनो' हा त्याच घरातला. ३० जुलै १९३८ चा, म्हणजे 'डँडी'पेक्षा जेमतेम आठ महिन्यांनी लहान. डेनिस द मेनेस हा त्यातला खोडकर मुलगा १९५१ मध्ये आला आणि 'बीनो'चा चेहरा बनला. काळ दोघांनाही तोच होता. तीच दूरचित्रवाणी आणि तेच मोबाईल. तरीही 'बीनो'चं छापील साप्ताहिक चालू राहिलं आणि ऑगस्ट २०१९ मध्ये त्याचा चार हजारावा अंक निघाला.

'बीनो' इंटरनेटवर गेला नाही असं नाही. २०१६ मध्ये त्याचं मोठं संकेतस्थळ सुरू झालं. पण तिथे विनोद, प्रश्नमंजुषा, खेळ, छोटे व्हिडिओ अशा पडद्याला शोभणाऱ्या गोष्टी ठेवल्या. चित्रपट्टीचं साप्ताहिक कागदावरच राहिलं. घर तेच ठेवलं आणि बाहेर एक अंगण काढलं. अंगणात खेळायला आलेलं एखादं मूल आपोआप घरात डोकावतं.

दोघांची तुलना करताना एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. 'डँडी'कडे तेव्हा फक्त आठ हजार वाचक उरले होते. एवढ्या खपावर छपाईचा खर्च चालवणं कुणालाही कठीण. त्यामुळे "छपाई बंदच करायला नको होती" असं मी खुर्चीत बसून म्हणणार नाही. माझं म्हणणं एवढंच की नव्या माध्यमाचं अंगण घरात माणसं असताना काढायचं असतं. शेवटच्या दिवशी घाईघाईने काढलं, तर तिथे खेळायला कोण येणार?

"पण बाई, आजची मुलं वाचतच नाहीत!"

हा आक्षेप मला दर पालकसभेत ऐकू येतो. मला तो पूर्ण पटत नाही. आजची मुलं दिवसभर मीम बघतात. मीम म्हणजे तरी काय? एक चित्र आणि दोन ओळींचा विनोद. चित्रपट्टीचा धाकटा चुलतभाऊच तो. म्हणजे चित्र आणि शब्द एकत्र वाचून हसण्याची भूक तशीच आहे. ताट बदललंय.

दुसरा आक्षेप याच्या उलट बाजूने येतो : "कागदाचा एवढा लळा कशाला? वेबवर खर्च कमी, जगात कुठेही पोचतं." हेही खरं आहे. आपल्याकडचंच उदाहरण घ्या. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ मध्ये सुरू झालं. त्याचे जुने अंक आता संकेतस्थळावर मोफत वाचायला मिळतात. ज्या अंकांची पानं कपाटात पिवळी पडली असती, ते आज कुठल्याही गावातलं मूल उघडू शकतं. आणि 'किशोर'चा छापील अंकही निघतोच. वेबने इथे कपाटाचं काम केलं आणि फार चांगलं केलं. प्रत्येक माध्यमाला त्याचं काम द्यावं, एवढंच मी म्हणते.

आमच्या हस्तलिखिताचं काय?

या वर्षी आम्ही हस्तलिखित पुन्हा कागदावर काढलं. दोऱ्याने शिवलं, वर जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा लावला. खर्च फारसा आला नाही. दर शनिवारी ते एका मुलाच्या घरी जातं आणि सोमवारी परत येतं. सोबत मागच्या कोऱ्या पानांवर घरातल्या कुणीतरी दोन ओळी लिहायच्या, असा नियम केला. एका आजींनी लिहिलंय, "चिमणी फार आवडली. गणिताचे सर ओळखू आले." ही चिमणी तीच, गेल्या वर्षीची. त्या मुलाला मी ती पुन्हा काढायला सांगितली होती. आजींची ओळ वाचून तो काही बोलला नाही, पण वही मात्र दिवसभर त्याच्याच बाकावर होती.

पीडीएफ पण केली हं! पण ती वर्षाच्या शेवटी, जपून ठेवण्यासाठी.

डंडी शहरात आज डेस्परेट डॅनचा कांस्य पुतळा आहे, २००१ मध्ये बसवलेला. छाती पुढे काढून तो रस्त्याने निघालाय आणि मागून 'बीनो'मधली मिनी ही खोडकर मुलगी गलोल घेऊन नेम धरतेय. ज्याचं साप्ताहिक बंद पडलं त्याच्यावर नेम धरलाय, जिचं चालू आहे तिने! पुतळा बसवला तेव्हा हे कुणाच्या मनातही नसेल. शहरात येणारी पोरं त्याच्याबरोबर फोटो काढतात. त्यातल्या किती जणांनी डॅनची एक तरी चित्रपट्टी वाचली असेल, हा विचार माझ्या मनात येतो.

आता तुमची पाळी

विद्यार्थी मित्रांनो, या विषयावर निबंध लिहायचा असेल तर 'कागद चांगला की मोबाईल चांगला' असा सरळ सामना लावू नका. तुमच्या आवडीची एखादी गोष्ट घ्या. दिवाळी अंक, वर्गाचं भित्तिपत्रक, आजीची पाककृतींची वही, काहीही. ती उद्या मोबाईलमध्ये गेली तर कोणत्या तीन गोष्टी सोबत न्याव्या लागतील आणि कोणती एक नेता येणार नाही, ते लिहा. निबंध आपोआप तुमचा होईल.

आणि पालकांनो, शिक्षकांनो, तुमच्याकडे एक छोटीशी विनंती आहे. घरातल्या मुलाने काही काढलं, लिहिलं, तर त्याचा फोटो ग्रुपवर जरूर टाका. पण त्याआधी तो कागद हातात घेऊन त्याच्यासमोर एकदा वाचा. हसू आलं तर मोठ्याने हसा. तो मागे उभा राहून बघत असतो.

तुमचं मत वेगळं असेल तर तेही ऐकायला आवडेल.